अडीच फूट

२०२० सालचा डिसेंबर संपता संपता आमच्या घरात दोनशे पानी एक वही होती. तिच्या पुढच्या बाजूनं बांधकामाचा हिशेब चालायचा आणि उलटी करून मागच्या बाजूनं निवडणुकीचा. पुढून सिमेंट, खडी, गवंड्याची हजेरी; मागून चहा, झेरॉक्स, पत्रकं, रिक्षाचं भाडं. दोन्ही बाजू एकमेकींकडं सरकत होत्या आणि मधली कोरी पानं रोज कमी होत होती. ‘आमच्या घरात’ असं आपलं सवयीनं लिहिलं. घर तेव्हा नव्हतंच. जुनं पाडलं होतं, नवं अजून जमिनीखाली होतं, आणि आम्ही दोघं धाकट्या भावाच्या माडीवर मुक्कामाला होतो.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, येरळेकाठचं. आम्ही मुलाणी. आमच्या घराला गाव मुलाण्याचा वाडा म्हणायचं. पण वाडा कसला, चार खणांचं माळवद होतं ते. पावसाळ्याआधी दरवर्षी वर माती टाकायची, आणि तरी श्रावणात घरभर पातेली मांडायची. बत्तीस वर्षं शाळेत पोरांना ‘माझे घर’ हा निबंध घालून झाला आणि निवृत्त झालो, तेव्हा हातात आलेल्या पैशाचं काय करायचं हे मला कुणी विचारलंच नाही. बायकोनं फक्त पातेल्यांकडं बोट दाखवलं.

या माळवदापुढं एक दगडी ओटा होता. अब्बांनी १९७२ च्या दुष्काळात बांधलेला. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी येताना एकेक बरा दगड डोक्यावर आणायचा, अशी त्याची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यातला एक दगड चांगला चार फूट लांब होता. तो डोक्यावर कसा आणला असेल, असं आम्ही भावंडं विचारायचो आणि अम्मी म्हणायची, तुमच्या अब्बांनी आणला म्हणजे आणला. त्या ओट्यावर मोहल्ला बसायचा. रमजानमध्ये इफ्तारनंतर, ताबुतांच्या दिवसांत रात्र रात्र, आणि एरवी कुणालाच काही काम नसताना. गावातली मराठ्यांची, माळ्यांची माणसंही बसायची. जत्रेतला मुलाण्याचा मान घ्यायला अब्बा त्याच ओट्यावरून उतरून जायचे.

एवढी माया असलेली वस्तू गल्लीत पुढं आली होती, हे कुणाला दिसत नव्हतं असं नाही. तिथंच गल्ली वळते. २०१६ साली अम्मी गेली. तिचा जनाजा घरातून निघाला आणि दहा पावलांवर, आमच्याच ओट्याच्या कोपऱ्याशी अडला. समोरच्या घराच्या पायऱ्या आणि इकडं आमचा ओटा. खांदेकऱ्यांना वळताच येईना. शेवटी दोघांनी ओट्यावर चढून जनाजा तिरका केला आणि तसाच पलीकडं नेला. त्या वेळी माझ्या हातात पुढचा दांडा होता. अम्मीचा भार एका बाजूला सरकलेला मला खांद्यावर कळला. तेव्हाच मनात म्हटलं, हा ओटा काढायचा.

आणि चार वर्षांनी तालुक्याच्या इंजिनिअरपुढं बसलो, तेव्हा मी त्याला सांगितलं, ‘जिथं ओटा तिथं पोर्च घ्या. ती जागा आपलीच आहे.’

हे मी लिहून ठेवतोय, कारण पुढं जे झालं त्याचं श्रेय मला फार मिळालं.

घर पाडलं ते दिवाळीच्या आधी. निवडणूक तेव्हा डोक्यात नव्हती. कोरोनामुळं लांबलेल्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका डिसेंबरात जाहीर झाल्या: अर्ज २३ ते ३० डिसेंबर, माघार ४ जानेवारीला, मतदान १५ जानेवारी २०२१. आमच्या पायाचे खड्डे खोदून झाले होते. एका सकाळी एका पॅनेलचे प्रमुख आले आणि विटांच्या थप्पीवर रुमाल टाकून बसले.

‘मास्तर, तीन नंबर प्रभागात सर्वसाधारण स्त्रीची जागा आहे. भाभींना उभं करा.’

‘अहो, इथं भिंत उभी राहीना, भाभींना कुठं उभं करू?’

मागून आवाज आला, ‘मला विचारा की.’

ती डबा घेऊन आली होती. वीस वर्षं तिनं मोहल्ल्यातल्या पोरींना शिलाई शिकवली होती, बचत गटाची वही तिच्याकडं होती. कोणत्या घरात कोणती सून माहेरी गेलीय आणि का, हे तिला ठाऊक होतं. मला गाव ओळखायचं. ती गाव ओळखायची. ती हो म्हणाली. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांसाठी आहेत, तरी पहिला फ्लेक्स छापून आला तेव्हा त्यावर माझा फोटो मोठा आणि तिचा, डोक्यावरचा पदर सांभाळलेला, पासपोर्टएवढा. तिनं तो फ्लेक्स परत पाठवला. दुसऱ्यावर माझा फोटो नव्हता. वहीत त्याचे पैसे मागच्या बाजूला दोनदा लिहिलेत.

निवडणूक आणि बांधकाम यांचा काही संबंध असतो हे मला अर्ज भरताना कळलं. सदस्य व्हायचं तर घरात शौचालय पाहिजे आणि त्याचा नियमित वापर पाहिजे, असा कायदा आहे. आमचं तर घरच नव्हतं. शौचालय मात्र होतं. परसात, पत्र्याच्या दाराचं, पाडापाडीतून बिगाऱ्यांच्या सोयीसाठी राहिलेलं. गवंडी म्हणत होता, उद्या ते पाडतो, मागचा कॉलम बरोबर त्याच्या बुडात येतोय. मी म्हटलं, मामा, त्याला हात लावू नका, ते आता सरकारी कागद आहे. महिनाभर त्या मोकळ्या प्लॉटवर सगळीकडं खड्डे, सळया आणि मधोमध ते एकटं शौचालय उभं. छाननीच्या दिवशी विरोधी पॅनेलनं हरकत घेतलीच: ‘उमेदवाराला घर नाही, मग शौचालय कुठलं?’ दाखला पुढं केला. अधिकारी हसले नाहीत, पण अर्ज राहिला.

दुसरा कायदा हसण्यासारखा नव्हता. माझा एक भाचा वकिली करतो. तो छाननीच्या आदल्या रात्री माडीवर आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘मामू, पोर्च कुठवर घेताय?’ मी सांगितलं. तो गप्प झाला. मग त्यानं समजावलं. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. कुणी तक्रार केली की कलेक्टरपुढं प्रकरण उभं राहतं. आणि ते अतिक्रमण स्वतःच केलेलं पाहिजे असंही नाही. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय, घरच्या वडीलधाऱ्यांनी पूर्वी केलेलं असलं आणि सदस्य त्या जागेत राहत असली, तरी ती अपात्र. म्हणजे सासऱ्याचा ओटा सुनेला भोवणार.

त्याच रात्री मी मोबाइलची बॅटरी आणि टेप घेऊन प्लॉटवर गेलो. दिवसा मोजलं असतं तर गल्लीनं पाहिलं असतं. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर लांबी अडतीस फूट. मागच्या हद्दीच्या दगडापासून ओट्याच्या उरलेल्या जोत्यापर्यंत टेप लावला. साडेचाळीस. पुन्हा लावला. साडेचाळीसच.

समोरच्या दारातून चाचांचा आवाज आला. चाचा म्हणजे अब्बांचे चुलतभाऊ, ऐंशी पार केलेले, त्यांना रात्री झोप नसते.

‘क्या ढूंढ रहा रे मास्टर?’

‘चावी पडली, चाचा.’

‘ढाई फुट बाहर देख,’ चाचा म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला सांगितलं, पुढची रेघ अडीच फूट मागं घ्या. त्यानं फक्कीनं नवी रेघ आखली. जुनी पुसली नाही. जुनीवरचे खड्डे खोदून झालेले होते, नव्या रेघेवरचे खोदायचे होते, त्यामुळं बरेच दिवस आमच्या दारात दोन रांगा दिसायच्या.

अडीच फूट मागं म्हणजे घरातून अडीच फूट कमी, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण कुठून कमी करायचे? मी विचार केला, बैठकीला हात लावायचा नाही. माणसं येणार, बसणार. सगळ्या भिंती मागं सरकवल्या की शेवटी जे मागं उरतं त्यातून जाईल. मागं स्वयंपाकघर होतं. दहा बाय दहाचं साडेसात बाय दहा झालं. नकाशावर ती रेघ मी पेन्सिलीनं मारली. तिला ती पत्रकं वाटून आल्यावर दिसली.

‘उभी मी राहायचं,’ ती म्हणाली, ‘फिरायचं मी, हात मी जोडायचे, आणि जागापण मेरेच चूल्हे की?’

मी म्हटलं, निवडणूक झाल्यावर बघू. त्या महिन्यात माझं प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर होतं.

चिन्ह मिळालं कपबशी. चिन्हापासून मतदानापर्यंत जेमतेम दहा दिवस. सकाळी सहाला मी कॉलमना पाणी मारायचो, कारण पाणी मारणारा बिगारी नव्हता. बिगारी सगळे प्रचारात. दुपारचं मटण, संध्याकाळी रोख. आमच्याकडं नुसती मजुरी. एकदा आमचेच तिघं विरोधी पॅनेलचे उपरणे गळ्यात घालून आमच्याच खड्ड्यांसमोरून घोषणा देत गेले आणि जाताना म्हणाले, ‘मास्तर, सोळा तारखेला नक्की येतो.’ गवंडी तेवढा रोज यायचा. तो समोरच्या उमेदवाराचा सख्खा मेहुणा. मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तो म्हणाला, ‘मत तिकडं, ओळंबा इकडं.’ त्या दहा दिवसांत मला भेटलेला सगळ्यात सरळ माणूस तोच.

सरपंच कोण होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर ठेवली होती. त्यामुळं गावात जेवढे उमेदवार तेवढे सरपंच फिरत होते.

आमच्या गल्लीतल्या कोपरा सभेत घोळ झाला. विषय नेहमीचे: गटार, नळाचं पाणी, गल्लीची रुंदी. अँब्युलन्स आत येत नाही, जनाजा वळत नाही. कोरोनाचं वर्ष होतं, अँब्युलन्स सगळ्यांच्या मनात होती. पुतण्या माइकवर होता. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, ‘बोलणारे पुष्कळ. आमच्या काकांनी स्वतःची अडीच फूट जागा गल्लीला दिली!’ टाळ्या पडल्या. रात्रीत ते व्हॉट्सअॅपवर फिरलं. ‘मास्तरांचा त्याग.’ खाली आमच्या दोन रेघांचा फोटो.

मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं की बाबांनो, ही जागा माझी नव्हतीच. मी दिली नाही, घाबरून सोडली. नाही सांगितलं. बायको माझ्याकडं बघत होती. तिला भाच्याचं बोलणं ठाऊक होतं. घरी येताना ती एवढंच म्हणाली, ‘आता तरी स्वयंपाकघराचं त्यागात धरा.’

त्यागाचा परिणाम उलटा झाला. आमच्या गल्लीत अकरा घरं. सात घरांचं काही ना काही गल्लीत आलेलं. कुणाच्या पायऱ्या, कुणाची मोरी, कुणाचा गाडी लावायचा पत्रा. गल्ली रुंद व्हावी असं सातही घरांना वाटायचं, समोरच्या बाजूनं. आजवर सगळे सारखेच असल्यामुळं कुणी कुणाला बोलत नव्हतं. आता एक जण मागं सरला होता, आणि त्याची बायको पंचायतीत जाणार होती. मतं मागायला गेलो की चहा मिळायचा, साखर जास्त असायची, आणि निघताना सहज प्रश्न यायचा: ‘मास्तर, निवडून आल्यावर मोजणी लावणार म्हणे तुम्ही?’ मी नाही म्हणायचो. बायको म्हणायची, ‘गटार करायचं तर मोजावं लागेल.’ बाहेर आल्यावर मी तिला म्हणायचो, इतकं खरं कशाला बोलतेस. ती म्हणायची, टेप तुम्ही लावलात, मी नाही.

ज्या घरात तिनं तीन पोरींना मशीन चालवायला शिकवलं होतं, तिथल्या एका मावशीनं तिचा हात धरून सांगितलं, ‘आपा, तू माझी आहेस. पण माझी मोरी कुठं नेऊ?’ याला भाषणात उत्तर नसतं. त्या घराला परस नाही, मागं दुसऱ्याची भिंत. मोरी गल्लीतच असणार. नियमानं वागायलाही जागा लागते. माझ्याकडं अडतीस फूट होते म्हणून मी अडीच सोडू शकलो.

चौदा जानेवारीला संक्रांत आली. प्रचार थांबला होता, पण तिळगूळ थांबत नाही. प्रभागातल्या बायका आमच्या भावाच्या माडीवर आल्या, दोन्ही पॅनेलच्या. समोरची उमेदवारही आली. दोघी मास्क हनुवटीवर ओढून तासभर बोलत बसल्या. मी खाली जिन्याशी ऐकत होतो. विषय स्टीलच्या भावाचा होता. तिनंही घर काढलं होतं, आणि त्या हिवाळ्यात स्टील चढतच होतं.

अठरा तारखेला तालुक्याला मोजणी झाली. चौदा मतांनी पडली. आमच्या गल्लीतली मतं धरली असती तर, असा हिशेब मी वहीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं मांडला आणि खोडला. ती येताना रिक्षात काही बोलली नाही. वाटेत उतरून तिनं शिलाईच्या दोऱ्याची रिळं घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला. बिगारीही आले, गुलाल धुतलेले पण कानामागं राहिलेला. पुढच्या कॉलमचं काँक्रीट अजून पडलेलं नव्हतं. गवंड्यानं दोन्ही रांगांकडं बघितलं, तंबाखू मळली आणि हळूच विचारलं, ‘मास्तर, आता कोणत्या रेघेवर घेऊ?’

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. आता अपात्र व्हायला कुणी नव्हतं. तक्रार करायला कुणाला कारण नव्हतं, सातही घरं खूशच झाली असती. बायकोचं स्वयंपाकघर परत मिळालं असतं. पोर्च झाला असता. मी म्हटलं, उद्या सांगतो. त्या रात्री मला झोप नव्हती. अम्मीचा जनाजा आठवला असं लिहायला आवडेल. आठवलाही, पण त्याच्या आधी गाडी कुठं लावायची हे आठवलं.

पहाटे ती उठली तेव्हा मी विचारलं. स्वयंपाकघर तिचं, म्हणून विचारलं. ती म्हणाली, ‘जुन्या रेघेवर गेलो तर ते चौदा जण म्हणतील, बघा, नाटक होतं.’

‘होतंच की थोडं.’

‘ते आपल्या दोघांत. घ्या मागं. आणि अडीच फूट बैठकीतून काढा.’

बैठकीतून काढले. पुस्तकांच्या कपाटासाठी जी भिंत मी मनात धरली होती, ती भिंत आता नाही. पुस्तकं जिन्याखाली आहेत. स्वयंपाकघर दहा बाय दहा आहे आणि ती पाहुण्यांना ते आधी दाखवते, बैठक नंतर.

हरलेल्या उमेदवारालाही खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, तीस दिवसांत. न दिल्यास पुढं उभं राहता येत नाही. आमच्या पंचायतीला मर्यादा पंचवीस हजारांची. मी वही घेऊन बसलो. मधल्या पानांवर दोन्ही बाजू एकमेकींत मिसळल्या होत्या. ‘चहा ४०’ कुणाचा? गवंड्याचा की कार्यकर्त्यांचा? ‘दोरी एक बंडल’ ओळंब्याची की फ्लेक्सची? ‘जेवण, सहा माणसं’ यात तीन माणसं सकाळी आमच्याकडं खड्ड्यात होती आणि दुपारनंतर दुसऱ्याच पॅनेलच्या मिरवणुकीत. शेवटी चहा निम्मा निम्मा केला. वही बायकोनं मागून घेतली. म्हणाली, राहू दे, पाच वर्षांनी लागेल. बांधकामाला की निवडणुकीला, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ओट्याचे दगड पायात गेले. तो चार फुटी दगड गवंड्याला फोडवेना. मी तो भिंतीबाहेर, सुटलेल्या अडीच फुटांत आडवा ठेवला. तिथं आता शेजाऱ्यांच्या दोन मोटारसायकली उभ्या असतात, एक शेळी बांधलेली असते, आणि दगडावर चाचा बसतात. चाचांना ऐकू कमी येतं, पण गल्लीतून कोण गेलं ते सगळं दिसतं. गल्लीतून त्यानंतर तीन जनाजे गेले, एकही तिरका करावा लागला नाही. मोटारसायकली मात्र काढाव्या लागल्या.

गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीचा शिपाई दारात आला. आमचा दगड रस्त्यात येतो अशी तक्रार आहे म्हणाला. कुणाची, ते सांगेना. मी चाचांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, चाचा, हा दगड अतिक्रमण आहे म्हणतात.

चाचांनी दगडावरची जागा नीट करून घेतली आणि शिपायाला म्हणाले, ‘टेप ला.’